ओखोसची बारी

मार्च महिन्याच्या अखेरीस, पहाटे साडेपाचच्या सुमारास, स्पेनमधल्या ओखोस नावाच्या गावी एका लिंबोणीच्या बागेत पाटाच्या कडेला उभी राहून मी पाण्याची वाट पाहत होते. थंडी होती, उजाडायला अजून अवकाश होता आणि बागेच्या खालच्या अंगाने वाहणारी सेगुरा नदी दिसत नसली तरी तिचा आवाज सारखा कानावर येत होता. शेजारी सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी, रुंद पात्याचे फावडे जमिनीत रोवून आणि दांड्यावर दोन्ही हात ठेवून, स्वस्थ उभे होते. पाणी येणार हे ज्याला पक्के ठाऊक असते तो माणूस असा उभा राहतो. माझे आजोबा असेच उभे राहत. पांझरेच्या काठी आमच्या गावच्या फडात, म्हणजे पाटाखालच्या रानात, रात्रीची बारी, म्हणजे पाण्याची पाळी, असली की मी हट्टाने त्यांच्याबरोबर जायची, कंदील माझ्या हातात असायचा, आणि पाणी येईपर्यंत ते एक अक्षर बोलत नसत.

माझी मुलगी शिक्षणासाठी मुर्सिया शहरात राहते. तिच्या घरमालकीणबाईंचे माहेर ओखोस. मी तिच्याकडे दोन आठवड्यांसाठी गेले होते, आणि माझे बालपण नदीकाठच्या गावात गेले हे कळल्यावर त्या बाईंनी आपल्या थोरल्या भावाला फोन करून आम्हा दोघींना दोन रात्रींसाठी तिकडे पाठवून दिले. तेवढाच माझा मुक्काम. मला स्पॅनिश येत नाही. जे काही बोलणे झाले ते मुलीच्या तोंडून झाले. तरीही त्या दोन दिवसांत परक्या मुलखात आल्याचे मला फार थोडा वेळ जाणवले, आणि त्याचे कारण पाणी.

मुर्सिया हा स्पेनचा आग्नेयेकडचा कोरडा प्रदेश आहे. वर्षभरात जेमतेम 300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. बस शहराबाहेर पडून उत्तरेकडे निघाली की दोन्ही बाजूंना उघडेबोडके, पिवळट-करडे डोंगर लागतात. मधूनच खुरटी झुडपे, बाकी सगळा दगड. मग एका वळणावर रस्ता नदीकडे उतरतो आणि खाली, दोन डोंगररांगांच्या बेचक्यात, गर्द हिरवी पट्टी दिसते. या पट्टीला रिकोतेचे खोरे म्हणतात. अबारान, ब्लांका, रिकोते, ओखोस, उलेआ अशी गावे नदीच्या आधाराने इथे वसली आहेत, आणि त्यांतले ओखोस अगदी छोटे, पाचेकशे वस्तीचे. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून दोन बायकांनी हात लांब केले तर वाटीभर साखर या घरातून त्या घरात जावी. घरे डोंगराच्या बाजूला, खडकावर आणि चढावर रचलेली आहेत. सपाट आणि कसदार जमीन एवढी थोडी आहे की तिच्यावर घर बांधणे कुणाला परवडलेच नसावे.

बागेत फिरताना पहिल्याच दिवशी एक गोष्ट नजरेत भरली. डोंगराच्या कुशीतून, समपातळीला धरून, हातभर रुंदीचा पाट वळणे घेत गेला आहे. त्या पाटाच्या खाली लिंबोणी, संत्री, जर्दाळूची झाडे, आणि पाटाच्या वर, अक्षरशः एका पावलावर, धोंडे. कुणी तरी ओल्या बोटाने रेघ ओढावी तशी ती सीमा होती. पाटाखालच्या उतारावर दगडांच्या बिनचुन्याच्या ताली रचून लहान लहान पायऱ्यांसारखी शेते केलेली आहेत. एकेक तुकडा आमच्याकडच्या परसाएवढा. इथले शेतकरी अजूनही जमीन ‘ताउया’ या जुन्या मापात मोजतात. एक ताउया म्हणजे 1118 चौरस मीटर असे त्यांनी सांगितल्यावर मी मनातल्या मनात हिशेब केला, तर तो जवळजवळ बरोबर 11 गुंठे भरला. मी तसे बोलून दाखवले आणि ‘गुंठा’ हा शब्द त्यांना इतका आवडला की पुढे दोन दिवस ते आपली जमीन मला गुंठ्यातच सांगत राहिले.

शेतातले त्यांचे शब्द मी वहीत उतरवून घेतले. पाटाला ते ‘असेकिया’ म्हणतात, नदीतल्या बंधाऱ्याला ‘असूद’, पाटाच्या तोंडाशी बसवलेल्या फळीला ‘ताब्लाचो’, पाटातून शेतात पाणी नेणाऱ्या दांडाला ‘ब्रासाल’, आणि बारीला ‘तांदा’. यांतले असेकिया आणि असूद हे शब्द अरबी आहेत. पाणी उपसणाऱ्या रहाटाला ‘नोरिया’ म्हणतात, तोही अरबीच. संत्र्याला ‘नारांखा’ म्हणतात. तो शब्द अरबांनी इराणातून नेला आणि इराणात तो आपल्याकडून गेला. संस्कृतातले ‘नारंग’, आपल्या तोंडातले ‘नारिंग’, हेच ते. हजारो कोसांचा प्रवास करून आलेला आपल्या घरचा शब्द परक्या शेतकऱ्याने झाडाकडे बोट दाखवून उच्चारला, तेव्हा मला विलक्षण आनंद झाला.

शब्द अरबी आहेत, कारण ही शेती ज्यांनी घडवली ते लोक अरबी बोलत होते. आठव्या शतकापासून इथे मुसलमानांची वस्ती होती. डोंगराच्या उताराला पाट काढणे, तालींच्या पायऱ्या रचणे, वाहत्या नदीवर रहाट बसवणे ही विद्या त्यांनी या खोऱ्यात रुजवली. पुढे राज्य ख्रिस्ती राजांकडे गेले आणि 1285 मध्ये हे खोरे सांतियागोच्या लष्करी धर्मसंघाला मिळाले, परंतु जमीन कसणारे हात तेच राहिले. सोळाव्या शतकाच्या आरंभी त्यांना बाप्तिस्मा घ्यावा लागला, आणि तेव्हापासून त्यांना ‘मोरिस्को’ म्हणू लागले. शंभर वर्षे ते चर्चमध्ये जात होते, आपापल्या बारीला शेतात उतरत होते. मग 1609 मध्ये तिसऱ्या फिलिप राजाने मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्याचे फर्मान काढले. रिकोते खोऱ्यातले लोक शेजाऱ्यांत पुरते मिसळून गेलेले असल्यामुळे त्यांची हकालपट्टी काही वर्षे लांबली, पण टळली नाही. 1613 च्या डिसेंबरात त्यांनाही कार्ताखेना बंदराकडे नेऊन गलबतांवर चढवण्यात आले. स्पेनमधून घालवलेल्या मोरिस्कोंपैकी हे अगदी शेवटचे.

डिसेंबर म्हणजे इकडे लिंबांच्या तोडीचे दिवस. आज या खोऱ्यात लिंबोणीच लिंबोणी आहेत. त्या काळी किती होत्या हे मी सांगू शकणार नाही, पण झाडांवर काही ना काही पिकत असणारच आणि कुणाची तरी बारी दोन दिवसांवर आलेली असणारच, असे मला पाटाच्या कडेने चालताना सारखे वाटत राहिले. घर सोडताना माणूस दाराला कुलूप लावतो. पाटाला काय लावणार?

त्या रात्री जेवणानंतर आमच्या यजमानीणबाईंनी लिंबोणीची कोवळी, ताजी पाने धुऊन, मैदा, अंडे आणि दुधाच्या पिठात बुडवून तळली आणि वर साखर-दालचिनीची पूड भुरभुरली. याला पापाराखोते म्हणतात. मी पहिले उचलून पानासकट तोंडात घालणार तोच सगळे एकदम ओरडले. पान खायचे नसते. देठ धरून वरचे कवच दातांनी ओढून घ्यायचे आणि पान बाजूला ठेवायचे. पानाचे काम सुगंध देण्यापुरते. आपण पातोळ्यांचे हळदीचे पान सोलून टाकतो ते मी त्यांना सांगितले. “मग तुम्हाला शिकवायची गरजच नव्हती,” असे म्हणून बाईंनी आणखी चार माझ्या ताटात वाढली.

जेवणघरात भिंतीवर एका खतांच्या दुकानाचे कॅलेंडर टांगलेले होते. त्यात काही तारखांभोवती निळ्या पेनाने गोल केलेले होते आणि बाजूला वेळ लिहिली होती. मी विचारले, तर ते म्हणाले, “तांदा. या महिन्यातल्या आमच्या बाऱ्या. परवा पहाटे सहाची आहे, यायचे का?” मी लगेच हो म्हटले. मग त्यांनी मला विचारले, “तुमच्या गावी बारी कशी लावतात?”

कितीतरी वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी त्यांना फड पद्धत सांगितली. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर ओळीने दगडी बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षांपूर्वीपासूनचे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालचे रान फडांत वाटलेले असते, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव करायची. पाणी देणारा पाटकरी असतो, राखणीला जागल्या असतो, वाद झाला तर गावातले पंच बसतात, आणि पाटातला गाळ काढायच्या दिवशी घरटी एक माणूस यावेच लागते. मुलगी भाषांतर करत होती आणि मधूनच माझ्याकडे आश्चर्याने पाहत होती, कारण हे सगळे तीही पहिल्यांदाच ऐकत होती. ते गृहस्थ प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. गाळ काढण्याचे ऐकल्यावर मात्र ते टेबलावर हात आपटून म्हणाले, “मोंदा! आमच्याकडेही!” वर्षातून एकदा पाट कोरडा करून गाळ, मुळ्या, वेत काढायचे. ज्याची जमीन पाटाखाली आहे त्याने यायचे, नाही तर आपल्या वतीने माणूस पाठवायचा.

वादांचे म्हणाल, तर नदीच्या खालच्या अंगाला मुर्सियात त्यासाठी स्वतंत्र न्यायसभा आहे. तिच्या नावाचा सरळ अर्थ ‘भल्या माणसांची सभा’ असा होतो. दर गुरुवारी ही सभा बसते. सात जण, सगळे बागायतदारांतलेच, आणि त्यांच्यापुढे कुणी कुणाचे पाणी तोडले, कुणी फळी लावायला विसरले, कुणाच्या चुकीने शेजाऱ्याचे पीक बुडाले, असे तंटे येतात. वकील लागत नाही. वीस हजारांहून अधिक जमीनमालक या सभेचा शब्द मानतात. 2009 मध्ये युनेस्कोने व्हॅलेन्सियातल्या अशाच पाणीन्यायसभेसह हिची मानवतेच्या अमूर्त वारशात नोंद केली. मला त्या नोंदीचा आनंद झाला, पण आमच्याकडच्या पंचांची बैठक कुणी लिहूनही ठेवली नाही याचे वाईटही वाटले.

तर ती पहाट. सहाला दहा मिनिटे असताना वरच्या शेतातून बॅटरीचा एक झोत दोनदा हलला. वरच्या शेतकऱ्याचे भिजून झाले होते. आमच्या यजमानांनी पाटात आडवी बसवलेली लाकडी फळी, म्हणजे तो ताब्लाचो, वर न उचलता खाली दाबून नीट बसवला, मातीचा गोळा करून कडांच्या फटी बुजवल्या, त्यावर गवताची मूठ दाबली, आणि मग आपल्या दांडाच्या तोंडावरची दुसरी फळी उचलली. आधी नुसता आवाज आला, वाळलेल्या पानांतून काही सरपटत यावे तसा. मग पाण्याचे टोक दिसले. पाण्याचे पहिले टोक स्वच्छ नसते. ते पुढे काड्या, फुलांच्या पाकळ्या, मुंग्या, फेस ढकलत येते, एखाद्या ढेकळापाशी थबकते, माती त्याला पिऊन टाकते, ते पुन्हा भरते आणि ढेकूळ विरघळवून पुढे सरकते. लिंबोणीच्या पहिल्या आळ्यात ते शिरले तेव्हा जमिनीतून बुडबुडे फुटू लागले आणि तो ओल्या मातीचा वास आला. त्याच झाडावर पिकून पिवळी झालेली लिंबे होती आणि फुलेही होती; वेर्ना नावाची इथली जात फळ असतानाच फुलते. खाली माती, वर फुले, असे दोन वास त्या थंड हवेत एकमेकांत मिसळले. मी डोळे मिटले असते तर आजोबांच्या रानात उभी आहे असे वाटले असते, पण डोळे मिटायला सवड नव्हती, कारण त्यांनी फावडे माझ्या हाती दिले होते.

या पद्धतीला इथे ‘चादरीचे भिजवणे’ म्हणतात, म्हणजे शेतावर पाण्याची चादर पसरणे. आपण पाणी भरणे, दारे धरणे म्हणतो. दारे धरणे हे काम दिसते त्यापेक्षा अवघड असते. एक वाफा भरत आला की दुसऱ्याचे तोंड आधीच मोकळे हवे, आणि पहिले कधी बुजवायचे ते पाण्याच्या चालीवरून ओळखावे लागते. मी दोन वाफे बऱ्यापैकी भरले. तिसऱ्याला उशीर झाला, पाणी तालीवरून खालच्या शेतात उतरू लागले, आणि ते गृहस्थ वयाला न शोभणाऱ्या चपळाईने धावत आले. “खालच्याची बारी नऊची आहे,” ते मला समजावून म्हणाले, “त्याला आत्ता पाणी गेले तर त्याचे नुकसान, कारण त्याने आज सकाळी तोडीला माणूस लावला आहे. चिखलात शिडी उभी राहत नाही.”

तो तोडीचा माणूस थोड्या वेळाने आला. तिशीतला तरुण, मोरोक्कोचा. मुर्सियाच्या शेतांत आज मोरोक्कोहून आलेले हजारो लोक राबतात. लिंबू तोडणे, खोकी भरणे, छाटणी, सगळे त्यांच्या हातून होते. त्याने आम्हा सर्वांना रामराम केला, म्हणजे त्यांच्या रीतीने छातीवर हात ठेवला, आणि पाटात हात बुडवून तोंड धुतले. मी वही काढून, पाटाकडे बोट करून, मुलीकरवी त्याला विचारले की तुमच्या गावी याला काय म्हणतात. तो म्हणाला, “सागिया.” शेजारी उभे असलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले, “असेकिया.” दोघांनी आपापला शब्द पुन्हा एकदा म्हटला, जरा सावकाश, आणि मग दोघेही हसले. तुमच्या गावी बारी असते का, असे मी विचारले. असते, तो म्हणाला. त्याचे वडील डोंगरातल्या गावी अजून रात्रीच्या बारीला जातात, आणि त्यांच्याबरोबर जायला आता घरात कुणी नाही, कारण जाणारा इथे आला आहे.

चारशे वर्षांपूर्वी ज्यांना समुद्रापलीकडे ढकलले, त्यांचेच वंशज परत आले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. एक पाट आहे, त्याचे एक नाव आहे, आणि ते नाव समुद्राच्या दोन्ही तीरांवरच्या दोन शेतकऱ्यांना आईकडून मिळाले आहे, एवढे मी माझ्या कानांनी ऐकले. मला ते पुरेसे होते.

दुपारी आम्ही अबारानला रहाट पाहायला गेलो. तिथला मोठा रहाट सुमारे 12 मीटर व्यासाचा आहे, आणि युरोपात अजून फिरणाऱ्या रहाटांत तो सर्वांत मोठा असे गावकरी अभिमानाने सांगतात. बैल नाही, वीज नाही, इंजिन नाही. पाटातल्या पाण्याचा जोर पात्यांवर बसतो, चाक फिरते, चाकाच्या कडेतले कप्पे खाली भरतात आणि वर जाऊन लाकडी पन्हळीत रिकामे होतात. पाणीच पाण्याला उचलते. आमच्याकडची मोट मी पाहिली आहे, बैलांच्या मानेवरचे वळ पाहिले आहेत, म्हणून या रहाटापाशी मी बराच वेळ थांबले. तो न थकता फिरत होता, आणि पन्हळीतून निसटलेले थेंब उन्हात झडत होते.

ओखोसला परतताना यजमानांनी गाडी नदीवरच्या मोठ्या बंधाऱ्याजवळ थांबवली. हा जुना असूद नव्हे. हा काँक्रीटचा, दारांचा. ताखो नदी मध्य स्पेनमधून पोर्तुगालात जाऊन लिस्बनपाशी अटलांटिकला मिळते. तिचे पाणी 300 किलोमीटरच्या आसपास कालव्यांतून आणि बोगद्यांतून वळवून 1979 पासून सेगुराच्या खोऱ्यात आणले जाते. ते नदीवाटे ओखोसपर्यंत येते आणि इथून दोन कालव्यांत विभागून, उजवीकडचे पंपांनी डोंगरापार चढवून, दूरदूरच्या मोठ्या बागायतींना जाते. आपल्याकडे पूर्वेला निघालेली कोयना पश्चिमेला वळवून तिची वीज केली, तसाच हा निसर्गाच्या वाटेवरचा मोठा फेरफार. त्या पाण्यावर लाखो लोकांची पिके उभी आहेत, म्हणून मी त्याला वाईट म्हणत नाही. वरच्या अंगाला, ताखोच्या काठी, आपले पाणी नेले म्हणून रोष आहे, आणि तोही मला समजतो. पण बंधाऱ्यावर उभे राहून मला जाणवले की या पाण्याला कुणाची बारी माहीत नाही. ते गावाच्या उंबऱ्यापर्यंत येते आणि गावाला ओळख न देता निघून जाते. पहाटेच्या पाटातले पाणी मात्र वरच्याच्या बॅटरीची खूण पाहून आले होते आणि खालच्याच्या शिडीची काळजी घेऊन थांबले होते.

बारी टिकण्याची खात्री कुणालाच नाही. अनेकांनी ठिबक बसवले आहे. पाणी वाचते आणि पहाटे उठावे लागत नाही, हे दोन्ही लाभ खरे आहेत आणि या कोरड्या मुलखात त्यांना नावे ठेवणे बरे नव्हे. तालीवरच्या 11 गुंठ्यांत आज कुटुंब चालत नाही, म्हणून तरुण निघून जातात. आमच्या यजमानांचे दोन्ही मुलगे परगावी नोकरीला आहेत. “पाट मला त्यांच्याहून जास्त वेळा भेटतो,” असे ते म्हणाले, आणि लगेच गाडी सुरू केली.

आमच्या घरची बारी आजोबांच्या माघारी दुसऱ्यांकडे गेली. जमीन वाट्याने दिली, मग विकली. मी शहरात नोकरी करत होते आणि बारी सुटते आहे हे मला कुणी कळवले नाही. कळवले असते तरी त्या वेळी मी काय केले असते हे सांगवत नाही. ओखोसहून निघताना ते गृहस्थ कॅलेंडरापाशी उभे राहून पुढच्या बारीभोवती गोल करत होते. मोंद्याचा दिवस अजून ठरायचा होता. गुडघे दुखतात, यंदा गाळात उतरणे होणार नाही, मजूर पाठवावा लागेल, असे ते बायकोला म्हणत होते, आणि मुलीने ते मला हळूच मराठीत सांगितले.

मी परत आल्यावर काही आठवड्यांनी, एका रविवारी संध्याकाळी, मुलीने मोबाइलवर फोटो पाठवला. कोरड्या पाटात दहाबारा माणसे रांगेने उभी होती आणि त्यांच्यामध्ये ती, पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेली, हातात ते रुंद पात्याचे फावडे. खाली लिहिले होते, “आज यांच्या घरून मी आले.” फोटो मोठा करून पाहिला, तर तिने दांडा फार खाली, पात्याच्या जवळ धरलेला होता. तसे धरले की तासाभरात कंबर धरते. मी लगेच फोन लावला आणि आजोबा मला सांगत तेच तिला सांगितले, की एक हात टोकाला ठेव, दुसरा मध्ये, आणि गाळ हातांनी उचलू नकोस, गुडघ्यांत वाक. “थांब, आई,” ती धापा टाकत म्हणाली, “आधी माझा पट्टा पुरा होऊ दे, मागचे लोक येऊन ठेपलेत.”